मागच्या दाराचं घर

(स्त्री-संघटनांच्या विभागीय मेळाव्यात ‘माझं घर’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

संयोजक मैत्रिणींनी मला सांगितलं, की तू पेठेतल्या जुन्या वाड्यात राहतेस, तेव्हा ते जुनं घर कसं लावलंस, कसं सांभाळतेस, यावर बोल. मी जरा घुटमळले. माझं काम परित्यक्ता बायकांच्या सल्ला केंद्रातलं. इथे बसलेल्या कितीतरी जणींच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर नाही. त्यांच्यासमोर घर सजवण्याबद्दल काय बोलायचं? मग वाटलं, घर लावणं, पुसणं, सारवणं, गळकं छप्पर निभावून नेणं हे काम पिढ्यान्‌पिढ्या आपणच करत आलो आहोत. त्याबद्दल बोलायला संकोच कशाचा? मात्र मी पडद्यांपासून सुरुवात केली तरी प्रॉपर्टी कार्डापर्यंत जाणार, हे आधीच सांगून ठेवते.

आमचा वाडा पुण्याच्या एका जुन्या पेठेत आहे. दगडी जोतं, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. त्यातले मागचे चार खण माझ्याकडे आहेत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, हे नव्या मुलींना सांगावं लागतं. या चार खणांत माजघराचा तुकडा, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली आणि मागची पडवी येते. राहणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि माझी आत्या. आत्या आता पंचाहत्तरीला आली.

या घरात एकही कोपरा काटकोनात नाही. जमिनीवर वाटाणा सांडला तर तो पडवीकडेच घरंगळत जातो. २०१७ साली मी राहायला आले तेव्हा हौसेनं एक तयार कपाट आणलं. जमीन उतरती असल्यामुळे त्याची दारं आपोआप उघडायची. पायांखाली पाचरी मारल्या. पावसाळ्यात कपाटाच्या पाठीला बुरशी धरली आणि माझ्या दोन साड्या गेल्या. आत्या म्हणाली, “अगं, भिंतीला पाठ लावून इथे माणूससुद्धा बसत नाही आषाढात, तू कपाट काय लावतेस?” ते कपाट विकलं. भिंतीतलं जुनं फडताळ साफ करून त्याला नवी बिजागरी बसवली, कोनाड्यांत पुस्तकं ठेवली, खुंट्या होत्या तशा वापरल्या. जे सामान ठेवलं ते भिंतीपासून वीतभर लांब. तेव्हापासून मी शिकले, की जुन्या घरात आधी एक पावसाळा काढावा आणि मग सामान घ्यावं. पाणी कुठून येतं, ओल कुठवर चढते, उजेड कुठल्या वेळी कुठे पडतो, हे घर सांगतं.

ओलीची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण इथे पुष्कळ जणी मातीच्या घरांत राहतात. माझ्या वडिलांनी नव्वदच्या दशकात मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. पक्कं काम, म्हणून. झालं उलटंच. जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत चढते आणि पूर्वी ती चुन्याच्या गिलाव्यातून हवेत उडून जायची. सिमेंटनं तिची वाट अडवली. ओल आतच कोंडली, वर चढली, आणि पुरुषभर उंचीवर पोपडे सुटायला लागले. आम्ही सिमेंट खरवडून काढलं आणि चुना, वाळू, सुरखी यांचा गिलावा केला. चुना विरवताना तो उकळतो, हात-डोळे भाजतो, तेव्हा ते काम जाणत्याकडूनच करून घ्यावं.

या कामात जाणती कोण निघाली, तर बिगारी म्हणून आलेल्या बाई. मिस्त्री त्यांना विचारून माल कालवायचा. “अजून मुरला नाही,” असं त्या म्हणाल्या की थापी थांबायची. मजुरी मात्र गवंड्याच्या निम्म्याहून कमी. आम्ही त्यांना गवंड्याइतकी मजुरी दिली, त्यावरून मिस्त्री रुसला. पण हेही सांगते, की ती मजुरी अकरा दिवसांपुरती. पुढच्या कामावर त्या पुन्हा बिगारीच झाल्या. एका घरमालकिणीच्या भल्या मनानं दर बदलत नाहीत. त्याला संघटनाच लागते.

तर मग जुन्या घराच्या खोटी. माझ्या लक्षात आलं, की खोटी दोन प्रकारच्या आहेत. काही घराच्या वयाच्या. उतरती जमीन, वाकडी चौकट, रात्री कडकड वाजणारी तुळई, दर वैशाखात करावी लागणारी कौलांची शाकारणी. त्यांच्याशी जुळवून घेता येतं, हळूहळू त्यांची माया लागते. पण काही खोटी वयाच्या नसतात. त्या घर बांधतानाच कुणीतरी ठरवून ठेवलेल्या असतात.

दिवाणखान्याला चार खिडक्या आणि स्वयंपाकघराला एक झरोका, हे म्हातारपणामुळे झालेलं नाही. जिथे पुरुष पान खात बसायचे तिथे वारा, आणि जिथे बायका दिवसाचे दहा तास चुलीपुढे असायच्या तिथे धूर. बाळंतिणीच्या खोलीला तर झरोकाही नाही. मागच्या पडवीत वेगळं बसायची जागा, तिथली वेगळी घोंगडी. केशवपन केलेल्या आमच्या खापरपणजीचा सगळा जन्म त्या पडवीच्या कोपऱ्यात गेला, असं आत्या सांगते. जुन्या वाड्यांचे फोटो मासिकांत छापून येतात, त्यांत कोरीव खांब असतात, हा कोपरा नसतो.

अशा खोटीशी जुळवून घ्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं. स्वयंपाकघरावर चार काचेची कौलं बसवली. खर्च किरकोळ, पण पहिल्या सकाळी आत्या ओट्याशी उभी राहून म्हणाली, “चाळीस वर्षं मी इथे बोटांनी तांदूळ निवडले, आज डोळ्यांनी निवडते आहे.” बाळंतिणीच्या खोलीत संडास-न्हाणीघर केलं, भिंतीला आत्यासाठी धरायचा दांडा लावला. तोवर संडास चौकापलीकडे होता. रात्री चौक ओलांडायला नको म्हणून संध्याकाळी सातनंतर पाणी न पिणारी ही बाई होती. आपल्यापैकी किती जणी अशा आहेत, हात वर करायला सांगत नाही.

आता दाराबद्दल. आमच्या भागाला वाड्याच्या पुढून, दिंडी दरवाज्यातून, चौकातून यावं लागायचं. वाटणीनंतर चौकात रोज धुसफूस सुरू झाली. मागच्या बोळात उघडणारं एक बुटकं दार होतं, वर्षानुवर्षं खिळे ठोकून बंद केलेलं. ते कशाचं दार, ठाऊक आहे? पूर्वी टोपलीचे संडास होते. ते साफ करणारी बाई बोळातून त्या दारानं यायची आणि त्याच दारानं डोक्यावर मैला घेऊन जायची. वाड्याचं पुढचं दार तिला बंद होतं. या कामावर बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले. तरी गटारांत माणसं मरतच आहेत, हे तुम्हाला सांगायला नको.

आम्ही त्या दाराचे खिळे काढले आणि तेच आमचं पुढचं दार केलं. नातेवाइकांत बोभाटा झाला. एक काकू म्हणाल्या, “भंग्याच्या दारानं ये-जा करता, पूर्वजांना काय वाटेल?” आत्या शांतपणे म्हणाली, “पूर्वजांनी मला कुठल्या दारानं बाहेर काढलं, ते मी कुठे विचारलं?” दार अजून बुटकंच आहे. आम्ही वाकून आत जातो. ज्या बाईच्या वाट्याला हे दार जन्मभर आलं तिचं नावही आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही. ते वाकणं मला कधी टाळावंसं वाटलेलं नाही.

आत्या तसं का म्हणाली? कारण ती १९७५ साली नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी आली. १९८३ मध्ये आजोबा गेले, मृत्युपत्र नव्हतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आजोबांच्या हिश्श्यात मुलगी म्हणून तिचा वाटा होताच. पण त्याच कायद्याच्या २३ व्या कलमात मेख होती. राहत्या घराची वाटणी मुलीनं मागायची नाही, भाऊ वाटणी करायचं ठरवतील तेव्हाच. टाकलेल्या मुलीला फक्त राहण्याचा हक्क. १९८६ साली भावांनी वाटणी करायचं ठरवलं, म्हणजे आता तिचा वाटा देणं आलं. तेव्हा तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं. “तुला कोण घालवतंय? सही म्हणजे नुसती कागदाची बाब,” असं माझ्याच वडिलांनी सांगितलं. तिनं सही केली. माहेर तुटू नये म्हणून बायका सह्या करतात. तिला तर जायला दुसरं घरच नव्हतं.

त्यानंतर तीस वर्षं ती त्या घरात कामाला पहिली आणि जेवायला शेवटची. खिडकी पाडू का, असं विचारायचाही तिला अधिकार नव्हता. २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला, २३ वं कलमही गेलं. पण २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या या दुरुस्तीनं उघडल्या नाहीत. आत्याच्या सहीची शाई तिच्या आधी वाळली होती.

२०१६ मध्ये माझे वडील गेले. तेराव्यानंतर दादानं माझ्यापुढे तसाच कागद ठेवला. तो वाईट माणूस नाही. पद्धत आहे, म्हणून ठेवला. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली मी, रोज दुसऱ्या बायकांना ‘सही करू नका’ सांगणारी मी, त्या दिवशी माझाही हात पेनाकडे गेला होता. आई समोर रडत होती. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली. मी पेन खाली ठेवलं.

पुढे वर्षभर दादा माझ्याशी बोलला नाही. शेवटी नोंदणीकृत वाटणीपत्र झालं. मागचा भाग माझ्या नावावर झाला आणि आत्याला तिथे तहहयात राहण्याचा हक्क मी वेगळ्या नोंदणीकृत दस्तानं लिहून दिला. त्यानंतरच काचेची कौलं आली. घर लावण्याची सुरुवात माझ्या लेखी तिथून होते.

सगळं ठीक झालं, असं नाही. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. आमच्या पुढच्या भागाला ती लागली आहे. आता काका आणि दादा वाडा बांधकाम व्यावसायिकाला द्यायचा म्हणतात. वाडा राहिलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसं गेली. जुनं ते सोनं म्हणत कुणाला मरणाच्या छायेत ठेवू नये. तुळई कुजली असेल, भिंत फुगली असेल, तर आधी अभियंत्याला दाखवा, चुना मागाहून.

पण या वेळी बैठकीत मी आणि आत्या आहोत, इतका फरक पडला आहे. आमच्या सहीशिवाय काम पुढे सरकत नाही. नव्या इमारतीत कुणाला किती जागा, तोवरचं भाडं कुणाच्या हाती, आत्याचा हक्क नव्या जागेत कसा लिहायचा, हे आम्ही विचारतो.

‘वारसा’ हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. पण कुणाचा वारसा? याच शहरात १८४८ साली भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. तो वाडा वर्षानुवर्षं मोडकळीला आला, कोर्टकज्जे चालले, आणि स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात पाडला गेला. फुल्यांनी १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी आपलं घर उघडलं, १८६८ मध्ये आपला हौद अस्पृश्यांना खुला केला. घराचं मोठेपण मोजायचं तर ते कुणासाठी उघडलं यावर मोजावं, असं मला वाटतं. त्या मापानं आमचा वाडा अगदी लहान ठरेल. त्यातलं एक बुटकं दार तेवढं उघडलं आहे.

मैत्रिणींनो, शेवटी तीन कामं सांगते. घरी गेल्यावर आपल्या घराचा उतारा मागून घ्या. शहरात मिळकत पत्रिका, गावात ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ती वाचा. दुसरं, हक्कसोडपत्र समोर आलं तर त्याच बैठकीत सही करू नका. ‘विचार करून सांगते’ एवढंच म्हणा आणि केंद्रात या. तिसरं, नाव नसलं तरी घाबरू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं सामायिक घरात राहण्याचा हक्क बायकोला आहे, आईला आहे, बहिणीलाही आहे. तुम्हाला बेकायदा बाहेर काढता येत नाही.

आणि घर लावताना उजेडाचं काम आधी करा. पडदे नंतर घेता येतात.