हजेरीपट आणि साथीचा काळ



मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या साथीमुळें महाराष्ट्रांतील शाळांना कुलुपें लागलीं आणि ग्रामीण भागांतील पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास १ डिसेंबर २०२१ उजाडला. टाळेबंदीच्या वेळीं पहिलींत असलेलें मूल पुन्हां वर्गांत बसलें तें तिसरींत. दुसरीचा वर्ग त्यानें पाहिलाच नाहीं. बुडालेल्या अभ्यासाविषयीं पुष्कळ बोललें गेलें आहे. ‘असर’ पाहणीप्रमाणें, देशाच्या ग्रामीण भागांत दुसरीचा उतारा वाचूं शकणारीं तिसरीचीं मुलें २०१८ मध्यें शेंकडा २७.३ होतीं, तीं २०२२ मध्यें २०.५ वर आलीं. मला बोलावयाचें आहे तें निराळ्याच नुकसानीविषयीं: गरिबाच्या मुलास शाळा अभ्यासाखेरीज जें देते, त्याविषयीं.

गोदाकांठच्या कोपरगांव तालुक्यांत गौतमनगर व सहजानंदनगर येथें दोन सहकारी साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमारास बीड-पाथर्डीकडील ऊसतोड मजूर अशा कारखान्यांच्या वाटेला लागतात. आईबाप पहांटे कोयता घेऊन फडांत गेले म्हणजे कोपीची राखण आणि धाकटें भावंड थोरल्या मुलीकडे. या मुलीस शाळा म्हणजे दुपारची खिचडी, पिण्याचें पाणी, कांहीं तास कडेवर ओझें नाहीं अशी जागा. आणि सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे रोज तिचें नांव पुकारणारा एक मनुष्य. दोन दिवस ती दिसली नाहीं तर ‘कां आली नाहीं?’ असें तोच विचारतो. इतर कोणी तें विचारीत नाहीं.

साथींत हें नांव पुकारणेंच थांबलें. मुलांचा आहार बंद पडूं नये म्हणून सर्वोच्च न्यायालयानें १८ मार्च २०२० रोजीं लक्ष घातलें आणि पुढें शाळांतून तांदूळ व कडधान्यें वांटण्यांत आलीं. परंतु त्याच सुमारास राज्यांतील लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या तळांवर अडकले होते. घरीं परतण्याची परवानगी त्यांना १७ एप्रिल रोजीं मिळाली. ज्या मुलाचें नांव एका गांवच्या पटावर आणि जें स्वतः दुसऱ्याच जिल्ह्यांत, त्यास हा शिधा कसा पोंचावा? स्थलांतरित मुलांसाठीं शिक्षण हमी कार्डाची सोय आहे खरी. पण तें दाखवावयाचें शाळेंत, आणि शाळाच बंद.

मग भ्रमणध्वनीवर शाळा आली. २०२० च्या ‘असर’ पाहणींत पटावरील शंभर ग्रामीण मुलांपैकीं सुमारें ६२ मुलांच्या घरीं स्मार्टफोन आढळला. असला तरी तो बापाच्या खिशांत, आणि बाप फडांत! नागपूर आकाशवाणीवरील ‘शाळेबाहेरची शाळा’ किंवा सोलापुरांतील नीलमनगरांत घरांच्या भिंतींवर रंगविलेले धडे हे उपाय मला अधिक समंजस वाटतात. त्यांना प्रत्येक मुलाच्या हातीं यंत्र लागत नाहीं. तथापि भिंत मुलाला ‘जेवलास का?’ असें विचारीत नाहीं. तें काम पारावर चार-चार मुलें जमविणाऱ्या शिक्षकांनीं केलें. वास्तविक पुष्कळ शिक्षकांना साथीच्या सर्वेक्षणासाठीं घरोघर धाडलेंच होतें. ताप मोजणाऱ्या त्या शिक्षकाच्या तक्त्यांत, घरांतलें मूल काय खातें, कोठें झोंपतें, त्याच्या लग्नाची बोलणी तर चालूं नाहींत ना, एवढे रकाने घातले असते तर सरकारास फारसा खर्च आला नसता.

घरचा कर्ता दगावला त्या मुलांची गोष्ट याहून बिकट. आपल्याच जिल्ह्यांतील अकोल्याचे हेरंब कुलकर्णी यांनीं कोरोनानें विधवा झालेल्या स्त्रियांचा प्रश्न धसास लावला आणि २०२१ मध्यें सरकारनें ‘मिशन वात्सल्य’ हातीं घेऊन तालुक्यांतून समित्या नेमल्या. बालसंगोपन योजनेंत एक पालक गमावलेल्या मुलासहि मदत मिळते. २०२३ पासून ती दरमहा २,२५० रुपये झाली. पण अर्ज, दाखले, तहसिलीच्या फेऱ्या! कोणत्या मुलाचा बाप गेला हें वर्गशिक्षकास समितीच्या आधीं कळतें. त्याच्याच हातून अर्ज भरून घ्यावा.

पुढची साथ केव्हां येईल तें सांगतां येत नाहीं. तळावरच्या मुलांचा वेगळा पट मात्र प्रत्येक हंगामापूर्वीं, ऑक्टोबरांतच, करतां येईल. कोणत्या जोडप्यानें किती उचल घेतली याची यादी मुकादमाजवळ त्या वेळीं तयार असते. तिच्यांत मुलांचा रकाना तेवढा नसतो.