तीन लेकरांचे घर

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित कुटुंब मेळाव्यात दिलेले भाषण)



आजच्या वक्त्यांच्या वाट्याला फार मोठे विषय आलेले आहेत. कोणाकडे ट्रस्टचा इतिहास, कोणाकडे तपश्चर्येचे माहात्म्य. मला मात्र संयोजकांनी लहान मुलांच्या संगोपनातील आनंद आणि गमती, असा विषय दिला. मी बी.कॉम. झालेला, चाळीस वर्षांहून अधिक काळ खामगावच्या बाजारपेठेत कापड मोजणारा मनुष्य. बालमानसशास्त्राचे माझे वाचन नाही. परंतु आमच्या घरी 1983, 1985 आणि 1988 साली तीन अपत्ये जन्मास आली आणि त्या तिघांनी मिळून दहा-बारा वर्षे जी धामधूम केली, तिचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. तेवढ्याच अधिकारावर बोलतो. शेवटी आपणापुढे एक विनंतीही ठेवायची आहे. ती मुलांशीच संबंधित आहे, म्हणून आधी मुलांविषयी बोलणे प्राप्त आहे.

कापड व्यापाऱ्याच्या मुलांचे कपडे कसे असतात, हे येथील व्यापारी बंधूंना सांगावयास नको. ज्या ताग्याला गिऱ्हाईक लागत नाही, तो तागा घरी येतो. एका दिवाळीला पिवळ्या जमिनीवर तांबड्या छत्र्या छापलेला एक तागा असाच शिल्लक राहिला. आमच्या सौ.नी त्यातून थोरलीचा फ्रॉक, मधल्याचा सदरा, धाकटीचे झबले आणि उरलेल्या कापडात खिडकीचा पडदा शिवून घेतला. तिघे खिडकीपाशी उभे राहिले की मुले कुठे संपतात आणि पडदा कुठे सुरू होतो, ते कळत नसे. पुढे गंमत अशी झाली की, मुलांच्या अंगावर ते छापील कापड पाहून गिऱ्हाइकांनाही ते आवडू लागले आणि पाडव्यापर्यंत तागा संपला. भाऊबीजेला आमच्या आत्याबाई आल्या. त्यांनी गल्लीत खेळणाऱ्या छत्रीवाल्या मुलाला प्रेमाने कडेवर उचलले, घरात आणले आणि अनारशाचा तुकडा तोंडात घातला. मूल शांतपणे खात होते. मधला आत येऊन म्हणाला, "आत्याबाई, हा आपला नाही. आपला मी आहे."

आमच्या थोरलीला हिशेबाची उपजत आवड. दुकानात माझ्या शेजारी बसून ती जमा आणि नावे हे दोन शब्द अक्षर ओळखीच्या आधीच शिकली. सात-आठ वर्षांची झाल्यावर तिने जुन्या चोपडीतील कोऱ्या पानांवर भावंडांची खाती उघडली. 'चावा घेतला, नावे एक.' 'पेन्सिल परत दिली, जमा एक.' 'आईला सांगितले, नावे दोन.' चाव्यापेक्षा चहाडीला दुप्पट दर का, असे मी विचारले असता ती म्हणाली, "चावा थोड्या वेळाने दुखायचा थांबतो." मला यावर उत्तर सुचले नाही आणि आजही सुचत नाही.

त्या वर्षी संवत्सरीच्या दिवशी ती चोपडी घेऊन दोघांसमोर उभी राहिली. हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणाली आणि दोन्ही खात्यांवर आडवी रेघ मारून 'खाते बरोबर' असे लिहिले. दादीजींचे, म्हणजे माझ्या मातोश्रींचे, डोळे भरून आले. मलाही धन्यता वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज चोपडी उघडून पाहिली, तर नव्या पानावर पहिलीच ओळ होती : 'मागील बाकी, नावे चौदा.' मी विचारले, "अगं, काल तर क्षमा केली ना?" ती म्हणाली, "क्षमा केली, पण बाकी कशी सोडायची? तुम्ही सोडता का?" बी.कॉम.च्या तीन वर्षांत इतका अडचणीचा प्रश्न मला कोणत्याही परीक्षकाने विचारला नव्हता.

मधला तर्कशास्त्री. दादीजींचा चौविहार असे, म्हणून सूर्यास्तापूर्वी स्वयंपाकघरात नेहमी घाई. गच्चीवर जाऊन सूर्य किती उरला, ते पाहून येण्याचे काम त्याच्याकडे दिलेले होते. तो जिन्यावरूनच ओरडे, "अजून अर्धा आहे!" "आता नखाएवढा आहे!" त्याच्या त्या आवाजावर घरातील घास मोजले जात. जुलै महिन्यातील एका दिवशी सकाळपासून आभाळ गच्च भरलेले होते. संध्याकाळी दादीजींनी ताट बाजूला सारले, तेव्हा हा म्हणाला, "जेवा ना दादीजी. आज सूर्य उगवलाच नाही, तर मावळेल कसा?" दादीजी हसल्या, पण जेवल्या नाहीत.

याच चिरंजीवांनी एकदा दादीजींची सामायिक लांबवली. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांची. दादीजी समोर रेतीची घडी ठेवून डोळे मिटून बसत. बरीच रेती खाली आली की हा हळूच येऊन घडी उलटी करी. दादीजी डोळे उघडीत, तर वेळ अजून शिल्लकच. त्या दिवशी त्या दुपारच्या जेवणास बऱ्याच उशिरा आल्या. चौकशी झाली, तेव्हा त्याने सांगितले, "दादीजींचा वेळ संपत होता, मी परत भरून दिला." आज त्या नाहीत. ते वाक्य मात्र आमच्या घरात अजून बोलले जाते.

दूरदर्शनवर 1988 ते 1990 या काळात रविवारी सकाळी महाभारत दाखवीत असत, हे येथील चाळिशीच्या पुढच्या सर्वांना स्मरत असेल. त्याचे दुसरे प्रक्षेपण सोमवारी आमच्या दुकानात होई. कापड गुंडाळून येते त्या पुठ्ठ्याच्या नळ्या ओळीने मांडून मधला त्यावर भीष्म होऊन आडवा पडला. थोरलीने अर्जुनाच्या आवेशात लोखंडी मीटर जमिनीवर आपटला आणि लोटाभर पाणी पितामहांच्या मुखात सोडले. त्यातील निम्मे शर्टिंगच्या ठाणावर गेले. धाकटीला कोणतीच भूमिका मिळाली नव्हती, म्हणून तिने भोकाड पसरून युद्धाचे पार्श्वसंगीत दिले. एवढ्यात एक वृद्ध शेतकरी दुकानात आले. त्यांनी आधी पितामहांना हात जोडले आणि मगच धोतरजोडी मागितली. अशी माणसे त्या काळी गिऱ्हाईक म्हणून लाभली, हे दुकानाचे भाग्य.

सहलीसाठी फार लांब जाणे आम्हाला परवडत नसे. दुकानाच्या सुट्टीला खामगावहून जलंबला शटलने जायचे आणि त्याच गाडीने परत यायचे, ही आमची सहल. 1870 साली सुरू झालेला हा अवघ्या तेरा किलोमीटरचा फाटा कापसाच्या वाहतुकीसाठी घातला गेला. आमच्या मुलांच्या दृष्टीने मात्र तो त्यांच्या खिडकीसाठीच घातलेला होता. जलंबला इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावीत. ते पाहून धाकटी म्हणाली, "गाडीपण घरी काहीतरी विसरली." कारण आमच्याकडे सौ. कुठेही निघाल्या की कुलूप लावल्यानंतर एकदा तरी परत फिरत असत.

लोणारला गेलो, तेव्हा मी मुलांना विवराच्या काठावर उभे करून सांगितले की, हजारो वर्षांपूर्वी आकाशातून फार मोठा दगड येथे आदळला आणि जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा हा खड्डा पडला. थोरलीने विचारले, "कोणाचे नुकसान झाले?" मधल्याने विचारले, "मग तो दगड कोणी उचलून नेला?" आपल्या मोठ्या माणसांपैकी किती जणांच्या मनात हा प्रश्न आला असेल? सोबत एक शिक्षक होते. त्यांनी सांगितले की, आघाताच्या उष्णतेने दगडाचा बहुतेक भाग वितळून वाफ होऊन गेला. मधल्याचे समाधान झाले नाही. पुढे जून 2020 मध्ये लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा त्याच मधल्याच्या पाच वर्षांच्या मुलीने मला पुण्याहून फोन केला, "आजोबा, तुमच्या दुकानातला कच्च्या रंगाचा कपडा कोणी तिथे धुतला का?" क्षारता वाढल्यामुळे खाऱ्या पाण्यातील विशिष्ट सूक्ष्म जीव वाढून तो रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसून आले, हे मी तिला यथाशक्ति समजावले. पण तोपर्यंत तिने आपल्या शाळेच्या ऑनलाइन वर्गात दुकानाची बदनामी करून टाकलेली होती.

बंधुभगिनींनो, आता विनंतीकडे येतो.

गेल्या चातुर्मासात प्रवचनाच्या वेळी लहान मुलांच्या आवाजाबद्दल काही तक्रारी झाल्या आणि सभागृहाच्या दाराशी 'लहान मुलांना आत आणू नये' असा फलक लावावा, अशी सूचना पुढे आली. तक्रार करणारे माझेच मित्र आहेत. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांना मूल रडू लागले की पुढचे वाक्य निसटते, ही अडचण खरी आहे आणि मी तिला हसण्यावारी नेत नाही. परंतु एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. आपल्या समाजातील एक तरुण सूनबाई दोन वर्षांच्या बाळाला घेऊन मागे बसल्या होत्या. बाळाने वाटी जमिनीवर आपटली. चार मस्तके मागे वळली. त्या उठून गेल्या आणि उरलेल्या चातुर्मासात पुन्हा आल्या नाहीत. फलक लागण्यापूर्वीच त्यांनी तो वाचला.

माझी मुले लहान असताना याच समाजाच्या प्रवचनात पाठीमागे मुलांची झुंबड असे. तेव्हा आवाज जास्त होता आणि तक्रार कमी होती. आता कित्येक घरांत एकच मूल आहे, कित्येकांची मुले-नातवंडे पुणे, बंगळुरू किंवा परदेशी आहेत. माझीही तिन्ही बाहेरच आहेत. मुले थोडी राहिली, म्हणून एकेकाचा आवाज आपल्याला ठळक ऐकू येतो, असे माझे मत आहे.

दरवर्षी पर्युषणात अंतगड सूत्राच्या वाचनात आपण एवंता कुमारांची कथा ऐकतो. पोलासपूरचा हा बालराजपुत्र खेळता खेळता गौतम स्वामींना पाहतो, आपण का हिंडता असे त्यांनाच विचारतो आणि त्यांचे बोट धरून त्यांना गोचरीसाठी आपल्या घरी घेऊन जातो. गणधरांचे बोट धरण्यापूर्वी त्याने कोणाची परवानगी घेतली नाही आणि गौतम स्वामींनीही बोट सोडवून घेतले नाही. भगवती सूत्रातील प्रसंग तर आणखी बोलका आहे. दीक्षेनंतर पाऊस पडून गेल्यावर हे बालमुनी वाहत्या पाण्याला मातीची पाळ घालतात आणि आपले पात्र त्यात नावेसारखे सोडून खेळू लागतात. स्थविर मुनींना ते रुचत नाही. ते भगवंतांकडे जाऊन विचारतात, आपल्या या शिष्याला किती भव लागतील? भगवान महावीर सांगतात की, हा याच भवात सिद्ध होणार आहे, त्याची निंदा करू नका, त्याला सांभाळा. आपण ही कथा मोठ्या भक्तिभावाने ऐकतो. ती ऐकत असताना मागे कोणाचे मूल वाटी वाजवू लागले, तर चिडतो.

आपल्या विदर्भाशी संबंध आलेले एक उदाहरण सांगतो. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षे अमरावतीस होत्या. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. 1920 साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले आणि मुलांवरील मायेमुळे लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले. ताराबाईंनी नंतर बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली आणि अंगणवाडी झाली. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. आपल्याला तर एवढेही करावयाचे नाही. आपली मुले दारापर्यंत आलेलीच आहेत.

माझा प्रस्ताव साधा आहे. फलक लावू नये. सभागृहाच्या मागच्या दाराजवळील उजवीकडची जागा लहान मुलांच्या मातांसाठी राखून ठेवावी. तेथे खेळण्यासाठी आवाज न करणाऱ्या, म्हणजे कापडी, वस्तू ठेवाव्यात. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांच्यासाठी पुढे दोन रांगा राखाव्यात व एक ध्वनिवर्धक त्यांच्या बाजूला वळवावा. मागच्या जागेसाठी लागणाऱ्या सतरंज्या व कापडी चेंडू आमच्या दुकानातून येतील. रंग पक्का असेल, याची हमी देतो, कारण पुण्यास त्याची चौकशी होणार आहे. येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी अध्यक्ष महोदयांना विनंती.

अल्पोपाहाराची व्यवस्था शेजारच्या दालनात केलेली आहे आणि बाहेर सूर्य नखाएवढा उरला आहे, म्हणून येथेच थांबतो. जय जिनेंद्र.