नवपदवीधर अभियंता आणि साइटवरील पहिले वर्ष

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन बांधकाम व्यवसायात येणाऱ्या नवपदवीधराचे पहिले वर्ष बहुधा साइटवरच जाते, आणि आराखड्यात रेषेच्या रूपाने पाहिलेली सळई तेथे वाकवून, तारेने बांधलेली तपासणे हेच त्याचे मुख्य शिक्षण ठरते. स्लॅब भरण्यापूर्वी सळयांचा व्यास, त्यांमधील अंतर आणि ‘कव्हर’, म्हणजे सळईच्या बाहेरच्या बाजूस असलेली काँक्रीटची जाडी, त्याला पाहावे लागते. हे कव्हर राखण्यासाठी सळयांखाली ठेवलेले छोटे ठोकळे मजुरांच्या वावराने सरकतात, सळई थेट सेंटरिंगच्या फळीवर टेकते आणि पुढे लवकर गंजते, म्हणून वाकून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. काँक्रीट आल्यावर ३०० मिलिमीटर उंचीचा शंकूच्या आकाराचा साचा भरून, तो उचलल्यावर मिश्रण किती खचते हे मोजतात, ज्याला ‘स्लम्प’ म्हणतात. मिश्रण घट्ट वाटले की त्यात पाणी ओतण्याचा मोह मुकादमाला होतो, पण जादा पाण्याने काँक्रीटची ताकद घटते, आणि वीस वर्षे स्लॅब भरलेल्या माणसाला तसे सांगणे ही कोणत्याही विद्यापीठीय परीक्षेहून अवघड गोष्ट होय. काँक्रीटच्या १५० मिलिमीटर बाजूच्या घनांची निर्णायक दाबचाचणी २८ दिवसांनी होते. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंटचे किमान १० दिवस ओले ठेवावे लागते, आणि त्यांत रविवारही येतो.