तोंड आलें म्हणून जीवनसत्त्वाची गोळी?

तोंड आलें कीं बी-कॉम्प्लेक्सची गोळी घ्यावी, हा उपचार बहुतेक सुशिक्षित घरांतून कोणासही न विचारतां केला जातो. जिभेचीं सालटें निघालीं, तिखट सोसेनासें झालें, कीं घरांतील वडील माणूस कपाटांतून गोळी काढून देतें, आणि चार-दोन दिवसांत बरें वाटतें. एरव्हीं यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु तेंच तोंड कर्करोगावरील औषधानें आलें असेल, तर ही साधी गोळी रोग्यास बाधूं शकते. तें कसें, हें प्रत्येक घरांत ठाऊक असावयास हवें.

तोंडाच्या आंतील अस्तर फार लवकर झिजतें आणि तितक्याच लवकर भरून येतें. एक-दोन आठवड्यांत त्याच्या पेशी नव्या होतात. कर्करोगावरील पुष्कळशीं औषधें भराभर वाढणाऱ्या पेशींवरच आघात करतात. रोगाची पेशी कोणती व तोंडाची कोणती, हा विवेक त्यांस नसतो. म्हणून औषध दिल्यावर साधारण ५ ते १० दिवसांनीं तोंड सोलवटतें. डोकें व मान यांच्या कर्करोगावर किरणोपचार ६-७ आठवडे चालतो. त्यांत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून व्रण दिसूं लागतात. गिळतां न आल्यानें रोगी खंगतो, व्रणांवाटे जंतु रक्तांत शिरूं शकतात, आणि कधीं कधीं उपचारच मध्यें थांबवावा लागतो. व्रण टाळण्याची घरच्यांची धडपड म्हणूनच योग्य आहे. प्रश्न आहे तो साधनाचा.

बी-कॉम्प्लेक्सच्या अनेक गोळ्यांत फॉलिक ॲसिड हें जीवनसत्त्व असतें. त्याच्या शोधाचा मुंबईशीं निकटचा संबंध आहे. डॉ. लूसी विल्स ही इंग्रज विदुषी १९२८ सालीं मुंबईस आली. गरीब गर्भवती स्त्रियांचा एक विशिष्ट पांडुरोग यीस्टच्या अर्कानें बरा होतो, असें तिनें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक ॲसिड. नव्या पेशी घडविण्यास तें अवश्य लागतें. आणि पेशी रोगाच्या असल्या तरी त्यांसही तें लागतेंच. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनीं ल्युकेमियानें ग्रस्त मुलांस या जातीचीं द्रव्यें दिलीं, तेव्हां रोग उलट बळावल्याचें त्यांस दिसलें. मग त्यांनीं फॉलिक ॲसिडची क्रिया अडविणारें ॲमिनॉप्टेरिन हें औषध वापरलें. १९४८ सालीं, कांहीं काळापुरता कां होईना, त्या मुलांचा रोग मागें हटल्याचें त्यांनीं जाहीर केलें. तें औषध ज्या संशोधकांनीं तयार केलें, त्यांचे अग्रणी आंध्रांतील यल्लाप्रगड सुब्बाराव होते.

ॲमिनॉप्टेरिनच्याच कुळांतील मेथोट्रेक्सेट आज प्रचारांत आहे. तें मोठ्या प्रमाणांत दिल्यावर साधारण एक दिवसानें डॉक्टर स्वतःच फॉलिक ॲसिडचें एक रूप मोजून देतात, व निरोगी पेशी वांचवितात. तें अवेळीं दिल्यास औषधाचें काम बिघडूं शकतें. फ्लुओरोयुरॅसिल किंवा कॅपेसिटाबीन चालू असतां प्रकार निराळा. तेथें फॉलिक ॲसिडनें औषधाची तीव्रता वाढते, व जें तोंड बरें व्हावें म्हणून गोळी दिली, तेंच अधिक सोलवटूं शकतें. याउलट पेमेट्रेक्सेड देण्यापूर्वीं फॉलिक ॲसिड व बी-१२ सुरू करणें आवश्यकच असतें. न दिल्यास त्रास वाढतो. जीवनसत्त्व एक, औषधें तीन, आणि नियमही तीन. घरच्या कपाटाला हा भेद कळत नाहीं.

ई जीवनसत्त्वाची गोष्टही बोधप्रद आहे. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत किरणोपचार घेणाऱ्या, डोकें व मान यांच्या कर्करोगाच्या ५४० रोग्यांवर एक प्रयोग झाला. कांहींना ई जीवनसत्त्व व प्रारंभीं त्याबरोबर बीटा-कॅरोटीन, तर इतरांना दिसण्यांत तशाच पण निष्क्रिय गोळ्या दिल्या. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें दोन्ही द्रव्यें एकत्र घेणाऱ्यांचे तीव्र त्रास कमी झाले. पण गोळ्या घेणाऱ्यांत रोग उलटण्याचा धोका अधिक असावा, अशी शंका आली. २००६ च्या वृत्तांतांत त्यांच्यांतील मृत्यूंचें प्रमाणही अधिक आढळलें. किरणांपासून तोंडाचें रक्षण करणारें द्रव्य रोगाचेंही रक्षण करीत असेल, तर तो सौदा फार महाग पडतो.

सर्वच पूरक द्रव्यें त्याज्य आहेत, असें मात्र नव्हे. २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांत डोकें व मान यांच्या कर्करोगावर औषध व किरण एकत्र घेणाऱ्यांस तोंडावाटे ग्लुटामिन सुचविलें आहे, तेंही सावधगिरीनें; अस्थिमज्जा-रोपणाच्या रोग्यांस तें शिरेंतून देऊं नये, असेंही बजावलें आहे. डोकें व मान यांवर किरण घेणाऱ्यांस मधही सुचविला आहे. परंतु मधुमेह असल्यास विचारूनच घ्यावा, आणि नंतर दांत स्वच्छ करावेत. जस्ताविषयींचे प्रयोग परस्परविरोधी निघाले आहेत.

घरच्यांच्या हातीं जें निश्चित आहे, तेंही थोडें नाहीं. मऊ ब्रशनें दांत घासावे. मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानें दिवसांतून अनेकदां चुळा भराव्या. तंबाखू व दारू वर्ज्य करावी. फ्लुओरोयुरॅसिल शिरेंतून एकदम टोचतात, तेव्हां अर्धा तास बर्फाचे खडे तोंडांत धरल्यास व्रण कमी होतात. मात्र बरोबर ऑक्झॅलिप्लॅटिन असल्यास थंडी बाधते, तेव्हां आधीं विचारावें. मऊ वरणभात, पातळ खिचडी, दूध, नीट शिजविलेलें अंडें, नाचणीची आंबील असें पौष्टिक अन्न थोडें थोडें, पण पुष्कळ वेळां द्यावें. वजन दर आठवड्यास पाहावें.

आणि पुढच्या खेपेस रुग्णालयांत जातांना कपाटांतील सर्व गोळ्या, चूर्णें व बाटल्या एका पिशवींत भरून न्याव्या आणि डॉक्टरांपुढें ठेवाव्या. कोणती चालेल, कोणती थांबवावी आणि कोणती केव्हां सुरू करावी, हें त्यांना चालू औषधाचें नांव पाहूनच सांगतां येईल.