खिशातील चिप
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्याजवळ बँकेचे कार्ड असेल तर ते नीट न्याहाळून पाहा. त्यावर चार वक्र रेघांची खूण असल्यास ते दुकानदाराच्या यंत्राजवळ दोन-चार सेंटिमीटरवर धरले तरी पैसे वळते होतात. रिझर्व्ह बँकेने 2015 साली अशा व्यवहारांना 2,000 रुपयांपर्यंत पिनची अट शिथिल केली. 1 जानेवारी 2021 पासून ही मर्यादा 5,000 रुपये झाली. पाच हजारांत आपल्याकडील पुष्कळ घरांचा महिन्याचा किराणा येतो.

आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, तुमसरच्या एस.टी.त गर्दीमध्ये कोणी यंत्र खिशाला लावले तर?" प्रश्न रास्त आहे. या चिपला बॅटरी नसते. यंत्राच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून तिला वीज मिळते. दहावीच्या पुस्तकातील विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. जागी झालेली चिप दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते. तो चोरला तरी दुसऱ्यांदा चालत नाही, म्हणून कार्डाची हुबेहूब नक्कल होत नाही. शिवाय दुकानदाराचे यंत्र बँकेतील खात्याशी बांधलेले असते, म्हणजे चोराचा माग राहतो. मात्र कार्डाचा क्रमांक व मुदतीची तारीख अशी वाचता येते, आणि परदेशातील काही संकेतस्थळे ओ.टी.पी. मागत नाहीत. यावर खास पाकिटे विकतात. आपल्या भंडाऱ्याच्या पितळी डबीत कार्ड ठेवले तरी तेच काम होईल!

मोठी चोरी निराळ्या वाटेने होते. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे 94 कोटींहून अधिक रुपये गेले. चोरांनी बँकेच्या संगणक यंत्रणेत शिरून, बनावट कार्डांनी काही तासांत 28 देशांतील ए.टी.एम.मधून रकमा काढल्या. कोणाच्याही खिशाला हात लागला नव्हता.

आपल्या घरी खरी भीती हरवलेल्या कार्डाची आहे. कार्ड वडिलांच्या नावाचे, ते घेऊन मुलगी नागपूरला शिकते, आणि बँकेचा संदेश येतो तो घरच्या साध्या मोबाईलवर, जो कोणी उघडून वाचत नाही. असे कार्ड रस्त्यात सापडले तर सापडणाऱ्याला पिनची गरजच नाही. दोन-तीन दुकाने फिरला की काम झाले.

यावर उपाय बँकेनेच दिला आहे, पण तो फार थोड्यांना ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2020 च्या परिपत्रकाप्रमाणे टेकवून पैसे देणे, ऑनलाइन खरेदी आणि परदेशी व्यवहार या सोयी ग्राहकाला स्वतः चालू किंवा बंद करता येतात, मर्यादाही ठरवता येते. परदेशी व्यवहार तर आजच बंद करावा. मुलीच्या कार्डावर टेकवण्याची मर्यादा पाचशे ठेवली तरी पुरे.

कार्ड हरवल्यास घरात रागावण्यात वेळ घालवू नका. मुले भीतीपोटी दोन दिवस लपवतात, हे मी पाहिले आहे. 2017 च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले होते की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेला तोटा बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. तेव्हा आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करावे व तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर कळवावे.

चहानंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे. ज्या आई-वडिलांना हे खटके कोठे असतात ते पाहायचे असेल त्यांनी मोबाईल घेऊन यावे. पिन मात्र मला सांगू नये.