परत येणारे कारखाने आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आपल्या कोकणातील कितीतरी घरांत पहिला टेपरेकॉर्डर कुवेत वा दुबईहून आला. माल परदेशी आणि तो आणणारा आपला माणूसही परदेशात राबणारा! आज मोठमोठे देश असा माल पुन्हा आपल्या घरी तयार व्हावा म्हणून धडपडत आहेत. त्यांच्या अनुभवातून आपण काय घ्यावे, एवढेच मला सांगायचे आहे.

अमेरिकेचेच पाहा. स्वस्त मजुरीपायी तेथील इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने आशियात गेले. पुढे २०१३ साली अॅपल कंपनीने आपला एक संगणक टेक्सासमध्ये बनवायला घेतला. भांडवल होते, जागा होती. पण एक विशिष्ट छोटा स्क्रू हवा तितका मिळेना! जवळचा कारखाना दिवसाला फार तर हजार स्क्रू देऊ शके. कारखाना देशाबाहेर गेला की सुटे भाग करणारे आणि साचे घडवणारे कारागीरही हळूहळू नाहीसे होतात. २०२२ साली अमेरिकेने चिप उद्योगासाठी ५२ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा कायदा केला. पैसा कायद्याने देता येतो. हुनर मात्र वर्षानुवर्षांच्या मेहनतीनेच येते.

आपल्याकडे १९७३ साली मुंबईत इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी सीप्झ सुरू झाले. १९८४ मध्ये मोहालीच्या सरकारी कारखान्यात चिप बनू लागल्या. १९८९ च्या आगीने ते काम मागे पडले. १९९७ च्या जागतिक करारानंतर पुष्कळशा मालावरील आयात जकात उतरत गेली व बाहेरचा माल स्वस्त झाला. २०२० साली सरकारने उत्पादनावर प्रोत्साहन रक्कम देण्याची योजना आणली. आज देशात विकले जाणारे बहुतेक मोबाईल देशातच जोडले जातात. पण जोडणे म्हणजे बनवणे नव्हे. आतील चिप आणि पडदा बहुतांशी बाहेरूनच येतात.

विद्यार्थी मित्रहो, तुमची जागा नेमकी येथे आहे. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक किंवा टूल अँड डाय मेकर यांसारखे अभ्यासक्रम आहेत. त्यांना कमी लेखू नका. साचा घडवणाऱ्याची अडचण अमेरिकेलाही भासली!

पालकहो, तामिळनाडूच्या मोबाईल कारखान्यांत बहुसंख्य कामगार तरुण मुली आहेत. २०२१ साली श्रीपेरुंबुदुरच्या कारखान्यातील मुलींना वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाली, तेव्हा त्याच मुली रस्त्यावर उतरल्या. म्हणून मुलीला कामाला पाठवण्यापूर्वी राहण्याची, जेवणाची, ये-जा करण्याची चौकशी अवश्य करा. परंतु काळजीचे निमित्त करून तिची तालीम थांबवू नका. शिकलेली मुलगी केवळ जोडणीच्या रांगेत न राहता उद्या यंत्र आखणाऱ्यांत बसेल.

पासपोर्टच्या आधी मुलांच्या हाती हुनर द्या. मग ती येथे राहोत वा बाहेर जावोत, मान त्यांना मिळेलच.