घर कोणी दिलं? लेव्हिटटाउन, नेवाळी आणि शीळफाटा



अध्यक्षीय भाषणात मराठीच्या भवितव्याची चिंता वाहायची प्रथा आहे. ती वाहायला पुढच्या सत्रातले वक्ते समर्थ आहेत, म्हणून मी आज घराबद्दल बोलणार आहे, आणि सुरुवात अमेरिकेतल्या घरापासून करणार आहे. शीळफाट्यावर उभं राहून अमेरिका कशाला, असं काहींच्या मनात येईल. पण या फाट्यावरून एक वाट मुंब्र्याला, एक पनवेलला, एक महापेला आणि एक कल्याणला जाते. त्या वाटांच्या कडेने गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे उभं राहिलं ते समजून घ्यायचं तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेइतकं उघड उदाहरण मला दुसरं दिसत नाही. तिथले कागद जपून ठेवलेले आहेत, आणि तिथल्या इतिहासकारांनी ते वाचलेही आहेत. माझं म्हणणं असं की, घर आपण स्वतःच्या कमाईवर घेतो ही समजूत अर्धीच खरी आहे. कोणाच्या कमाईचा फ्लॅट होईल आणि कोणाच्या तितक्याच कमाईची नुसती खोली, हे आधी कायदा आणि कर्ज ठरवतात. आणि एकदा ते ठरलं की पुढच्या पिढीचं राजकारणही त्या घराच्या गॅलरीतूनच जगाकडे बघतं.

जून १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांसाठीच्या कायद्यावर सही केली. 'जीआय बिल' या नावाने तो ओळखला जातो. शिक्षणाचा खर्च, बेकारीभत्ता आणि घरासाठीच्या कर्जाला सरकारची हमी, असं त्याचं स्वरूप होतं. १९५२ पर्यंत सुमारे २४ लाख सैनिकांनी ही हमी घेऊन घरकर्ज काढलं. त्याच सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, जिथे बटाट्याची शेतं होती तिथे, लेव्हिट कंपनीने लेव्हिटटाउन उभारायला घेतलं. १९४७ ते १९५१ या काळात तिथे सतरा हजारांहून जास्त घरं झाली. भिंती, छप्पर, रंग यांची कामं वेगवेगळ्या टोळ्यांना वाटून दिलेली, आणि टोळ्या एका घरावरून दुसऱ्या घरावर सरकणाऱ्या. आज आपल्याकडे 'टाउनशिप' म्हणून जे विकलं जातं त्याची ही आजी. या घरांच्या सुरुवातीच्या भाडेकरारात पंचविसावं कलम होतं आणि ते ठळक, मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं: गौरवर्णीयांखेरीज कोणालाही ही जागा वापरू देणार नाही, घरकामाला ठेवलेली माणसं वगळून. बाकीची कलमं बारीक टाइपात. ते ठळक अक्षर फक्त बिल्डरच्या मनातला द्वेष नव्हता. कर्जाचा विमा उतरवणारं सरकारी गृहनिर्माण खातं मिश्र वस्ती म्हणजे बुडीत जोखीम असं मानायचं आणि अशी कलमं घालायला स्वतःच सुचवायचं. सैनिकांच्या कायद्यात मात्र वर्णाचा उल्लेख कुठेच नव्हता. तरी मिसिसिपी राज्यातल्या १३ शहरांची १९४७ मध्ये पाहणी झाली तेव्हा घर, धंदा आणि शेतीसाठी दिलेल्या ३,२२९ हमीकर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला फक्त २ आली होती. कायदा सर्वांसाठी होता, पण कर्ज मंजूर करणारी बँक गावातलीच होती.

आता याच युद्धाने आपल्या भागात काय केलं ते पाहा. कल्याणजवळ लष्कराच्या छावण्या पडल्या. युद्ध संपलं, फाळणी झाली आणि त्या बराकींत सिंधमधून आलेले सुमारे लाखभर निर्वासित राहू लागले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजाजींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पुढे तिथल्या बेकायदा मजल्यांची संख्या इतकी वाढली की २००६ मध्ये राज्याने केवळ त्या एका शहरासाठी अनधिकृत बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. तीच इमारत आदल्या दिवशी बेकायदा आणि कायद्यानंतर नियमित होण्याच्या रांगेत, विटा-सिमेंट तेच. हाजीमलंगच्या वाटेवर नेवाळीला १९४२ मध्ये इंग्रज सरकारने विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपून तीन वर्षांत अमेरिकेतला सैनिक बटाट्याच्या शेतातल्या बंगलीत राहू लागला. नेवाळीचा शेतकरी मात्र युद्ध संपल्यावरही जमीन परत मिळेल म्हणून वाट पाहत राहिला. जमीन स्वतंत्र भारताच्या संरक्षण खात्याकडे गेली. तिच्यावर कुंपण पडू लागलं तेव्हा, म्हणजे जून २०१७ मध्ये, गाड्या जळाल्या, गोळीबार झाला आणि वर्तमानपत्रांना नेवाळी हे गाव असल्याचा शोध लागला. त्याच वर्षी फेब्रुवारीत, तिथून काही किलोमीटरवर, डोंबिवलीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं.

अमेरिकेच्या कथेतला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग पुढचा आहे. १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांनी महामार्गांचा कायदा केला. ४१ हजार मैलांचे रस्ते, आणि खर्चाचा नव्वद टक्के भार केंद्राच्या तिजोरीवर. हे रस्ते उपनगरांना शहराशी जोडत गेले. शहरात शिरताना मात्र ते नेमके कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवरून गेले. डेट्रॉइटमधली ब्लॅक बॉटम ही वस्ती अशीच पुसली गेली. १९७० च्या जनगणनेत उपनगरांतली माणसं मुख्य शहरांतल्या माणसांपेक्षा जास्त भरली, आणि अमेरिकेचं राजकारण तिथे वळलं. सरकारच्या हमीने घर, सरकारच्या पैशाने रस्ता आणि सरकारच्या विद्यावेतनाने पदवी मिळालेला हा वर्ग आता सरकारने जास्त लुडबुड करू नये असं म्हणू लागला. १९६९ मध्ये निक्सन यांनी त्याला 'मूक बहुसंख्य' असं नाव दिलं. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या शाळांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा निकाल असा लागला की शहराच्या शाळांतली विभागणी मोडण्यासाठी उपनगरांच्या शाळांना ओढता येणार नाही. वीस वर्षांपूर्वीच्या ब्राऊन खटल्यात कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेचं दार उघडलं होतं. आता दार तसंच ठेवून कुंपण गावाच्या वेशीवर सरकलं. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी घरपट्टी मालमत्तेच्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधून टाकली. या माणसांना मी कृतघ्न म्हणणार नाही. आपल्याला काही मिळालं आहे हेच त्यांना दिसत नव्हतं, कारण ते रोख हातात न पडता दर महिन्याच्या कमी हप्त्यातून मिळत होतं.

इथे मराठी माणूस कथेत येतो. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणसाला गोरा मानायला नकार दिला आणि नागरिकत्वाचा मार्ग बंद केला. १९४६ मध्ये तो पुन्हा खुला झाला, पण देशात येण्याची वाट वर्षाला शंभर जणांपुरतीच किलकिली झाली. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाबद्दल विचारणा केली होती. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेवरच आला. त्याने निवड केली ती डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ यांची आणि नंतर त्यांच्या नातलगांची. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि सात दिवसांनी घर विकताना किंवा भाड्याने देताना वर्ण, धर्म, मूळ देश पाहण्यास मनाई करणाऱ्या कायद्यावर जॉन्सन यांची सही झाली. त्यानंतर ठाण्या-डोंबिवलीचा जो तरुण न्यू जर्सीत घर घेऊ शकला, त्याची गुणवत्ता मी नाकारत नाही. तो ज्या अंगणात गवत कापतो तिथे त्याला उभं राहता यावं म्हणून तुरुंगात गेलेली माणसं दुसरी होती, एवढंच मला म्हणायचं आहे. १९८१ मध्ये तिकडच्या मराठी माणसांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. तिथल्या अधिवेशनांच्या स्मरणिका आपल्याकडे कौतुकाने वाचल्या जातात. त्यांत आठवणी, पाककृती, नाटकाचे प्रयोग सगळं असतं, १९६८ फारसं नसतं. आणि २०२३ मध्ये सिएटलने जातीभेदाला मनाई केली तेव्हा आपल्यातल्या अनेकांना तो आपल्यावरचा आरोप वाटला.

यावर पहिला आक्षेप असा की अमेरिकेचा प्रश्न वर्णाचा, आपला तसा नाही, तुलना ताणलेली आहे. मी दोन निकाल शेजारी ठेवतो. १९४८ मध्ये शेली खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वर्ण पाहून घर नाकारणारे खाजगी करार न्यायालयं अमलात आणणार नाहीत. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. अल्पसंख्य समाजाची गोष्ट वेगळी असं म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहे. पण उपविधीचं ते हत्यार बहुसंख्यांच्याही हाती तसंच बसतं. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला का आली, आणि ती पुढे शीळपर्यंतच का सरकली, कल्याण रस्त्याच्या नव्या संकुलांत त्यांची संख्या किती, याचं उत्तर फक्त परवडण्यात नाही हे या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे. करारात ठळक अक्षरांत कलम नसतं, 'सोसायटी बघून सांगते' एवढ्यावर काम भागतं.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. पहाटेची लोकल पकडून, पोटाला चिमटा काढून ज्यांनी वन बीएचके घेतला त्यांना 'कायद्याने दिलं' म्हणणं हा त्यांच्या कष्टांचा अपमान नाही का? कष्ट खरेच आहेत. पण कष्टांची तुलना कोणाशी करायची ते ठरवू या. १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आणि १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी सुरू केलेली एचडीएफसी, यांच्या आधी पगारदाराला घर घ्यायचं म्हणजे निवृत्तीचा फंड हाती येईपर्यंत थांबायचं. आधीच्या पिढीचे कष्ट काही कमी नव्हते, हप्ता नव्हता. आजही हप्ता कोणाला मिळतो? ज्याच्याकडे सॅलरी स्लिप आहे आणि ज्याच्या इमारतीला सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची अधिकृत परवानगी आहे, त्याला. गवंडी, फेरीवाला, भंगारवाला यांच्याकडे पहिली नसते म्हणून ते दुसरी नसलेल्या इमारतीत जातात. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळजवळच्या लकी कंपाउंडमधली जी इमारत कोसळली ती काही महिन्यांत उभी राहिली होती, वर मजले चढत होते आणि खाली माणसं राहत होती. ७४ माणसं गेली, त्यांत लहान मुलं बरीच. तारखेच्या योगायोगाला मी अर्थ चिकटवत नाही. मात्र तिकडे किंग यांच्या हत्येनंतर घराचा कायदा झाला, आणि इकडे निलंबनं झाली, अटका झाल्या, आणि पुन्हा तसेच मजले चढले.

राहिला तिसरा आक्षेप: कायद्याने तरी काय साधलं? अमेरिकेत आजही वस्त्या वेगळ्याच आहेत ना? आहेत. ज्या वीस-पंचवीस वर्षांत घरं स्वस्त होती तेव्हा दार बंद होतं, आणि दार उघडलं तोवर किमती चढल्या होत्या. उशिरा आलेला कायदा मागची मिळकत वाटून देत नाही. कायदा निरर्थक आहे असा याचा अर्थ मी लावत नाही. त्याच्या वेळेचं मोल किती आहे, ते यातून कळतं. आपल्या कल्याणलगतच्या २७ गावांचं पाहा. १९८३ मध्ये कल्याण महापालिकेत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत. या आत-बाहेरच्या मधल्या तेरा वर्षांत भातखाचरांवर ज्या चाळी आणि इमारती उठल्या त्यांना विचारणारं नेमकं कोण, हेच धड ठरलेलं नव्हतं. जमीन भूमिपुत्राची, खोली परप्रांतीय मजुराची, पाणी टँकरचं, आणि रस्त्यापलीकडच्या टाउनशिपमध्ये कारंजं.

साहित्याचा यात काय संबंध, असं विचाराल. मराठी साहित्याने अमेरिका एकदा फार नीट वाचली होती. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेड्यांनी कृष्णवर्णीय लेखकांकडे दलित लेखकांचं लक्ष वेधलं, जनार्दन वाघमाऱ्यांनी त्या साहित्यावर पुस्तक लिहिलं, १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव उचललं. त्या मूळ पँथरच्या दहा कलमांत चौथी मागणी राहण्यालायक घराची होती. आपण त्यातला आवाज घेतला, तो मोलाचाच. चौथं कलम मात्र आपल्या कथा-कादंबऱ्यांत फार उतरलं नाही. शं. ना. नवऱ्यांच्या, पु. भा. भाव्यांच्या डोंबिवलीत लेखकांची कधी वाण नव्हती. तरी सातबारा, एनए, खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र, ओसी या शब्दांभोवती फिरणारी, जमीन विकलेल्या आगरी घरातली, नेवाळीच्या कुंपणापाशी उभी असलेली मोठी कादंबरी आपल्याला अजून हवी आहे. तिला लागणारी भाषा इथल्या तलाठी सज्जात, रजिस्ट्रारच्या कचेरीत रोज बोलली जाते.

वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा ठाण्याची खाडी पोटाखालून ओलांडून इथे शीळफाट्याला उजेडात येतो. त्याच्या तोंडाशी पुढे कोण राहील, हे सध्या नकाशांवर पिवळ्या आणि हिरव्या रंगांत ठरतं आहे. प्रारूप आराखडा जाहीर झाला की तो हरकती-सूचनांसाठी ठरलेल्या मुदतीपुरता उघडा असतो. कचेरीच्या फलकावर त्याची नोटीस मराठीत लागते, टाइप बारीक असतो.